‘मी नसलो की बिघडतंच’ : फळप्रक्रियेच्या धंद्यात हात कुठे सोडावा, कुठे धरावा

प्रश्न गुहागरकडच्या एका तरुण उद्योजकाचा आहे. वडिलांनी सुरू केलेला आमरस, कोकम सरबत आणि आंबापोळीचा कारखाना ते सहा वर्षं चालवतात. कामाला चौदा माणसं. हंगामात चार तास झोप, प्रत्येक बॅच स्वतः चाखायची, प्रत्येक डब्याचं लेबल स्वतः बघायचं, जेवायला घरी गेलं तरी ताटाशेजारी फोनवर कारखान्याचे कॅमेरे चालू. गेल्या वर्षी सीमिंगवर, म्हणजे डब्याला झाकण बसवायच्या मशीनवर, नऊ वर्षं असलेला माणूस काम सोडून गेला, मागोमाग पॅकिंगची एक बाई. ते विचारतात, “मी नसलो की काहीतरी बिघडतंच. मग सोडू कसं? आणि नाही सोडलं तर असा किती वर्षं टिकेन?”

तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. तुम्ही नसलात की बिघडत असणार. माझ्याकडेही बिघडायचं. का बिघडतं, हे कळायला मात्र मला धंद्यातली पहिली सतरा वर्षं लागली.

२०११ चा मे महिना. आमचा कारखाना रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला आहे. मागच्या दारी जांभ्याच्या पायऱ्या उतरताना माझा पाय घसरला आणि घोट्याजवळ हाड मोडलं. कॅनिंगचा आंबा ऐन भरात होता, दिवसाला दोन-अडीच टन उतरत होता. मला रत्नागिरीला नेऊन प्लास्टर घालेपर्यंत इकडे सकाळच्या बॅचचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, चढा आला. हा आकडा जितका कमी तितका रस आंबट. आंबा जास्त पिकलेला असला की आंबटपणा उतरतो आणि पीएच चढतो, त्यात नवल काही नाही. सायट्रिक अ‍ॅसिड थोडं वाढवायचं, ढवळायचं, पुन्हा मोजायचं. पंधरा मिनिटांचं काम. पण अ‍ॅसिडच्या बरणीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा माझाच दंडक होता.

आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या बाईंना आम्ही मावशी म्हणतो. त्या मला फोन लावत राहिल्या. आधी माझा फोन बंद, मग त्यांच्याकडे रेंज नाही. शेवटी त्यांनी एका पोराला रेंज मिळते त्या वरच्या सड्यावर पिटाळलं. माझा निरोप पोचला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. मेच्या उकाड्यात साडेतीनशे किलो रस पाच तास टाकीत बसला होता. मावशींनी टाकीवर ओला पंचा पसरला होता आणि दर थोड्या वेळाने त्यावर पाणी शिंपडत होत्या. पंचा उचलला तेव्हा रसाच्या कडेला बारीक फेस धरला होता. तो रस फेकावा लागला.

संध्याकाळी मी घरी आले तर मावशी दारातच उभ्या. “वयनी, तुमी सांगितल्यात हात नाय लावायचा, म्हनून नाय लावला.” आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. अ‍ॅसिड किती घालायचं ते त्यांना ठाऊक होतं. सात वर्षं माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी ते बघितलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही ती पायामुळे नाही. ते नुकसान माझ्या गैरहजेरीने झालं नव्हतं. ते माझ्या दंडकाने झालं होतं.

म्हणून पहिलं काम सांगते. एक वही घ्या. गेल्या हंगामात तुम्ही नसताना जे जे बिघडलं ते आठवून लिहा, आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहा की माणसाला ते काम येत नव्हतं, की येत होतं पण परवानगी नव्हती. मी लिहिलं तेव्हा निम्म्याहून जास्त गोष्टी दुसऱ्या रकान्यात गेल्या. त्या शिकवून सुधारणाऱ्या नव्हत्या, कारण शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता लोक सल्ला देतात की माणसांवर विश्वास टाका, सगळं सोडून द्या. खाण्याच्या वस्तूच्या धंद्यात मी असा सल्ला देणार नाही. आमरसाचा पीएच ४.६ च्या वर गेला तर बंद डब्यात जीवघेणं विष बनवणारे बोटुलिनमचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत. इथे ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे’ म्हणून भागत नाही. कोणाच्या तरी लेकराच्या ताटात तो रस जाणार असतो.

पण नेमक्या याच भीतीतून बाहेर पडायचा रस्ता आपल्या धंद्यानेच शोधून ठेवलाय. हॅसॅप (HACCP) हा अन्नसुरक्षेतला शब्द तुम्ही परवान्याच्या कागदांत वाचला असेल, आणि बहुतेक फाइलमध्ये ठेवून दिला असेल. त्याची जन्मकथा मला फार आवडते. १९६० च्या आसपास अमेरिकेत अंतराळवीरांसाठी जेवण बनवायचं काम पिल्सबरी ही कंपनी नासा आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेबरोबर करत होती. अंतराळात पोट बिघडून चालणार नाही, त्यामुळे प्रत्येक घास निर्धोक हवा. तयार माल तपासून तशी खात्री द्यायची तर इतका माल चाचणीतच संपायचा की पाठवायला फारसं काही उरायचं नाही. मग त्यांनी उलटीकडून विचार केला. सगळं तपासणं सोडलं, आणि बनवताना कोणत्या नेमक्या ठिकाणी चूक झाली तर ती पुढे दुरुस्तच होणार नाही, ती ठिकाणं शोधून तिथे पहारा बसवला. १९७१ मध्ये ही पद्धत जाहीरपणे मांडली गेली आणि आज जगभरचे खाद्यकारखाने तिच्यावर चालतात. म्हणजे जिथे चुकीला जागाच नव्हती, तिथल्या लोकांनीसुद्धा सगळ्यावर नजर ठेवण्याचा मार्ग टाकून दिला.

आमच्याकडे अशी ठिकाणं तीन निघाली. पहिलं पीएच. आम्ही तो ४ च्या खाली ठेवतो, आणि रोज सकाळी मीटर ४ आणि ७ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत, बुडवून लावून घेतल्याशिवाय रस काढायचा पल्पर सुरू होत नाही. दुसरं भरतानाची उष्णता आणि त्यानंतरचा उकळत्या पाण्यातला वेळ. रस ८५ अंशांच्या खाली आला की भरणं थांबायचं. तिसरं सीमिंग, म्हणजे झाकण आणि डबा यांचा सांधा. तो सैल राहिला तर महिन्याने डबा फुगणार आणि तुम्हाला कळणार ते दुकानदाराच्या फोनवरून. या तिन्ही ठिकाणी आकडा वहीत उतरतो, उतरवणाऱ्याची सही होते, आणि आकडा चुकला तर मशीन थांबवायचा हक्क त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला. मला विचारायचं नाही. आधी थांबवायचं, मग सांगायचं.

हा थांबवायचा हक्क सगळ्यांत मोठा, असं मी अनुभवाने सांगते. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून अख्खी लाइन थांबवता येते हे पुष्कळांना माहीत असतं. त्याचं मूळ मोटारीत नाही, कापड विणायच्या मागात आहे. टोयोटा ज्या घराण्यातून उभी राहिली त्यातले साकिची टोयोडा यांनी असा माग बनवला की सूत तुटलं की तो आपोआप थांबायचा, त्यामुळे मागाजवळ डोळे लावून बसणारं माणूस मोकळं झालं. तुमचे कॅमेरे तुम्हाला त्या मागापुढे बसवून ठेवतात. फाटकावरचा आणि गोदामातला कॅमेरा राहू द्या, चोरीसाठी तो हवाच. कामाच्या टेबलावरचे काढून टाका. त्यात रसाची चव दिसत नाही, पीएच दिसत नाही. दिसतं एवढंच की कोण मान वर करून दोन शब्द बोललं.

या तीन जागा सोडून बाकीचं सगळं मी सोडलं. ‘सगळं’ म्हणणं सोपं आहे, सोडताना जीव तुटला. आंबे धुवायचा क्रम, कोणी कोणाशेजारी बसायचं, कोय काढताना सुरी वापरायची की अंगठ्याने दाबायची, चहा किती वाजता. लेबल दोन सूत तिरकं लागलं तर लागलं. चवीचं मात्र फार जड गेलं. बॅच चाखणं ही माझी ओळख होती. गावात लोक म्हणायचे, वहिनींची जीभ चुकत नाही. ती जागा सोडायची म्हणजे आपण कोण उरलो, असा प्रश्न पडतो. तुम्हालाही पडेल. त्याला घाबरू नका, पण तो प्रश्न कामगारांच्या डोक्यावर बसवू नका.

मावशींच्या हातात रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दिला तो दिवस मला लख्ख आठवतो. पायाला प्लास्टर होतंच, मी खुर्चीत. त्यांनी पदराने काच पुसली, चमच्याच्या टोकाने रसाचा एक थेंब ठेवला, झाकण मिटवलं आणि खिडकीकडे तोंड करून एक डोळा बारीक केला. निळं आणि पांढरं जिथे मिळतं तिथली रेघ वाचायची असते. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सतरा आनि एक बारकी रेघ.” मी बघितलं तर सव्वासतराच होतं. त्यानंतर त्या डाव वर उचलून रस कसा ओघळतो ते बघत, आधी तोंडी आकडा सांगत आणि मग काचेतून पडताळत. महिन्याभरात त्यांचा अंदाज एका ब्रिक्सच्या, म्हणजे काचेवरच्या साखरेच्या एका अंशाच्या, आत येऊ लागला. माझा कधी एवढा आला नव्हता. इतकी वर्षं हे कसब माझ्या शेजारी उभं होतं आणि मी त्यांना डबे पुसायला लावत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या हंगामानंतर मी त्यांचा रोज वाढवला आणि अ‍ॅसिड-साखरेच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली. जबाबदारी वाढवली तर पैसे वाढवा, हे मला सांगावं लागू नये, पण सांगते, कारण आपल्याकडे पुष्कळ मालक ‘तुला मोठेपणा दिला’ म्हणून त्यावर वेळ मारून नेतात. किल्लीचं मोल वेगळंच असतं. मावशींनी ती कनवटीला खोचली आणि दिवसभर मधून मधून हात लावून बघत होत्या.

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल, कारण सोडायला निघालेला माणूस बहुधा हीच चूक करतो. पुढच्या वर्षी मला सोडण्याची चटकच लागली. कोकमाचं सगळं काम मी दोन नव्या मुलींवर टाकलं आणि तिकडे फिरकलेच नाही. मला वाटलं, आमसुलं आणि आगळ, म्हणजे मिठातला कोकमाचा रस, तर कोकणातल्या कुठल्याही पोरीला जन्मतः येतात. त्यांच्या घरी चार बरण्यांचं आगळ होत असे, इथे पिंपं होती. मीठ कमी पडलं, पावसाळ्यात आगळाला बुरशी आली. त्या मुली रडल्या, आणि दोष सगळा माझा होता. मी काम सोपवलं नव्हतं, वाऱ्यावर सोडलं होतं. तेव्हापासून आमचा शिरस्ता असा: आधी मी करते, ती बघते. मग ती करते, मी बघते. मग ती तिसऱ्याच कोणाला तरी शिकवते आणि मी कोपऱ्यात गप्प बसून ऐकते. जिथे ती शिकवताना अडखळते, तिथे माझंच शिकवणं कच्चं राहिलेलं असतं. तिसरी पायरी झाल्याशिवाय काम सुटलं असं धरायचं नाही.

निर्णयांचंही असंच स्पष्ट लागतं. आमच्या भिंतीवर फळा आहे. त्यावर तीन घरं: न विचारता करायचं, करून सांगायचं, विचारून करायचं. हंगामाआधी सगळे बसून कोणती गोष्ट कुठल्या घरात ते ठरवतो. खराब क्रेट परत पाठवणं पहिल्या घरात. मशीन थांबवणं दुसऱ्या. नव्या व्यापाऱ्याला उधारी तिसऱ्या. दरवर्षी दोन-तीन गोष्टी तिसऱ्या घरातून दुसऱ्यात सरकतात. मोघम ‘तू बघून घे’ म्हटलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस दर दहा मिनिटांनी फोन करतो. मग आपण म्हणतो, बघा, माझ्यावाचून चालत नाही.

पैशाच्या बाबतीत मर्यादा आकड्यात सांगा. कॅनिंगच्या आंब्याचा भाव मेमध्ये रोज हलतो, गाड्या रात्री येतात. खरेदी माझ्या पुतण्याकडे दिली तेव्हा त्याला रोज संध्याकाळी वरचा भाव सांगायचे आणि डागी आंबा क्रेटमागे किती चालेल ते सांगायचे, त्यामधलं सगळं त्याचं. पहिल्या वर्षी त्याने एकदा घाईत महाग माल उचलला, बावीस हजारांना खड्डा पडला. मी हिशेब त्याच्याकडूनच मांडून घेतला, चारचौघांत शब्द काढला नाही. बोलले असते तर पुढची प्रत्येक गाडी अडवून त्याने मला रात्री दोनला उठवलं असतं, आणि ते बावीस हजार खरोखरच वाया गेले असते.

तुम्ही म्हणाल, हे लहान धंद्यात ठीक आहे. आपल्या दारावरून जाणारी कोकण रेल्वे बघा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, ९० हून अधिक बोगदे, दरडी आणि कोकणातला पाऊस. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि १९९८ च्या जानेवारीत सगळा मार्ग खुला झाला. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या हाताखाली हे काम सात विभागांत वाटलेलं होतं, महाडपासून उडुपीपर्यंत, आणि प्रत्येक विभागाला आपला मुख्य अभियंता. बोगद्यात माती ढासळली तर तिथल्या माणसाला तिथेच ठरवावं लागतं. आमच्या भागात काम चालू असताना मी बघायला जायची. कसलीही अडचण आली तरी निर्णय जवळच असायचा, हे मला तेव्हा दिसत होतं आणि कळत मात्र नव्हतं.

तौक्ते वादळ १६ मे २०२१ ला रत्नागिरीसमोरून गेलं तेव्हा मी चिपळूणला बहिणीकडे अडकले. वीज नाही, फोन नाही, रस्त्यात झाडं आडवी. तिसऱ्या दिवशी कारखान्यावर पोचले ती धडधडत्या छातीने. अंगणभर क्रेट होते. बागायतदार पडलेला आंबा घेऊन आले होते, आणि मावशी व पुतण्याने तो घेतला होता. तयार झालेला आंबा पेंढ्यात अढीला घातला होता, कच्च्याच्या फोडी करून पिंपांत खारवल्या होत्या, कारण त्याला वीज लागत नाही. भाव मी दिला असता त्यापेक्षा किलोमागे तीन रुपये जास्त दिला होता. पुतण्या म्हणाला, ज्याची कलमं उन्मळून पडलीत त्याच्या डोळ्यांत बघून भाव पाडायचा नाही असं आम्ही ठरवलं. मला ते तीन रुपये टोचले, खरं सांगते. पण दोन दिवस विचार करून मी मान्य केलं की त्या जागी उभी असते तर मीही तेच ठरवायला हवं होतं, आणि कदाचित ठरवलं नसतं. ते बागायतदार आजही पहिली गाडी आमच्याकडे पाठवतात.

सोडताना हात शिवशिवतात, त्याचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंय. सुरुवातीचे दिवस वाईट जातात. घरी ओट्यावर बसलं तरी क्रेट आपटल्याचा आवाज येतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. मी दोन वेळा ठरवल्या होत्या, सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच. तेव्हाच जायचं, आधी वही बघायची, मग माणसांशी बोलायचं. मधल्या वेळात करायला खरं काम हवं, नाहीतर जमत नाही. मी दापोलीला कृषी विद्यापीठात जाऊन फणसाच्या प्रक्रियेची माहिती घेतली, त्यातून आमची फणसपोळी सुरू झाली. मालकाने करायची अशी कामं नेहमीच पडून असतात. नवा माल, नवी गिऱ्हाइकं, पुढच्या वर्षीचा पैसा. ती दुसरं कोणी करत नाही.

तुमचे वडील रोज येऊन दारातल्या खुर्चीत बसतात, असंही तुम्ही लिहिलंय. ते तुमच्यावर नजर ठेवतात, तुम्ही माणसांवर. त्यांना नुसतं आराम करा म्हणू नका. बागायतदारांशी त्यांची चाळीस वर्षांची ओळख आहे, ते नातं सांभाळण्याचं काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्या आणि त्यात बोलू नका. तुम्हाला जे हवंय ते आधी त्यांना देऊन बघा.

आता यंदाचं. कॅनिंगला अजून दोन महिने आहेत. एवढ्यात सगळं बदलायला जाऊ नका. तीन धोक्याच्या जागा ठरवा, वह्या घाला, फळा लावा, आणि एकच काम तिसऱ्या पायरीपर्यंत न्या. ते सीमिंगचं असावं, असं मला वाटतं.

म्हणूनच त्या सोडून गेलेल्या माणसाकडे जा. नऊ वर्षं सीमरवर उभा राहिलेला माणूस झाकणाच्या कडेवरून नख फिरवून सांधा कसा बसलाय ते सांगतो, असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. फोन करू नका, निरोप धाडू नका. शिमगा तोंडावर आहे, पालखी त्यांच्या वाडीत येईल त्या दिवशी तो घरी असेलच. पगाराचं पहिल्या भेटीत काढू नका. पालखीला नारळ द्या, चहा घ्या, आणि त्याला विचारा, नऊ वर्षांत कुठल्या वेळी तुला मशीन थांबवावंसं वाटलं होतं आणि माझ्यामुळे थांबवलं नाहीस? तो सांगेल ते मधे न बोलता ऐकून घ्या आणि घरी आल्यावर वहीत लिहून काढा.